उद्यमनगरातले मामा आणि १०८९ सीसीचं इंजिन

आधी कामाचं सांगते. माझ्या १९६८ च्या फियाट ११०० डिलाइटचं इंजिन कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका दोन शटरच्या गॅरेजात पूर्ण उघडून बांधून घेतलं. साडेतीन महिने लागले, ६१,३५० रुपये गेले. त्यानंतर गाडी २,१०० किलोमीटर पळाली, घाट चढली, पावसात भिजली, पण एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. जुनी फियाट बाळगणाऱ्या कुणालाही मी खुशाल तिथं पाठवेन. गॅरेजचं नाव मात्र देत नाही. "ताई, नाव नका घालू कुठं," असं गॅरेज चालवणाऱ्या मामांनीच सांगितलंय. एका वेळी एकच इंजिन उघडायचं हा त्यांचा नियम, आणि दारात आधीच तीन गाड्या नंबर लावून उभ्या आहेत. उद्यमनगरात जाऊन फियाटवाले मामा कुठं बसतात असं विचारलं, की पानपट्टीवालासुद्धा घर दाखवल्यासारखं दाखवतो.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत हिशेब बघते, बावीस वर्षं झाली. दिवसभर टनाचे भाव, रिजेक्शन आणि जीएसटी. इटालियन गाड्यांची ओढ मात्र त्याच्याही आधीची. थोरला भाऊ रविवारी दुपारी टीव्हीवर फॉर्म्युला वन लावायचा, आई जेवायला हाका मारून दमायची आणि आम्ही दोघं त्या लाल गाडीवरून नजर काढायचो नाही. पुढं भावाचं वेड ओसरलं, माझं वाढलं. फेरारीबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि वाचता वाचता अशा एका गाडीपाशी पोचले, जिच्यामुळं नागाळा पार्कातल्या एका निवृत्त डॉक्टरांच्या शेडमध्ये आठ वर्षं उभी असलेली फियाट मी विकत घेतली.

ती गाडी म्हणजे ८१५. एन्झो फेरारी अल्फा रोमिओतून १९३९ साली बाहेर पडला तेव्हा करारात अट होती, चार वर्षं स्वतःच्या नावानं रेसमध्ये उतरायचं नाही. म्हणून त्यानं मोडेनात काढलेल्या कारखान्याचं नाव ठेवलं ऑटो आविओ कॉस्ट्रुत्सिओनी. त्या नावात कुठंही फेरारी नाही. एप्रिल १९४० च्या ब्रेशाच्या रेससाठी दोन गिऱ्हाइकांना दोन गाड्या हव्या होत्या, हातात जेमतेम चार महिने. नवीन इंजिन मुळापासून करायला वेळ नव्हता. मग त्यांनी बाजारात मिळणारी फियाट ५०८ सी घेतली. दांते जकोसा या फियाटच्या इंजिनिअरच्या हाताखाली तयार होऊन १९३७ साली आलेली, ११०० म्हणून ओळखली जाणारी घरगुती गाडी. तिची दोन हेडं, म्हणजे सिलिंडरवर बसणारी झाकणं, एकामागं एक लावली, वॉल्व्ह आणि कनेक्टिंग रॉडही तिचेच घेतले, आणि आठ सिलिंडरचा नवा अॅल्युमिनियम ब्लॉक बोलोन्यातल्या काल्त्सोनी फौंड्रीतून ओतून आणला. आठ सिलिंडर, दीड लिटर, म्हणून ८१५. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ६३ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ६०, ताकद साधारण ७५ हॉर्सपॉवर. एन्झो फेरारीनं स्वतःच्या कारखान्यात बांधलेली ही पहिली गाडी.

फौंड्रीत काम करत असल्यामुळं असेल, पण त्या ब्लॉकच्या ओतकामाचं वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आपल्याकडं पुण्याचं गिऱ्हाईक येतं, ड्रॉइंग टाकतं आणि म्हणतं पंधरा दिवसांत सँपल पाहिजे. मग पॅटर्नवाल्याची धावपळ, कोअरबॉक्सची ओरड, पहिल्या ओतीला ब्लोहोल, म्हणजे आत राहिलेली हवेची पोकळी. तिथंही असंच झालं असणार.

आता ५०८ सीच्या इंजिनाचं माप बघा. बोअर ६८, स्ट्रोक ७५, १०८९ सीसी. आपल्याकडं प्रीमिअर कंपनीनं कुर्ल्यात ज्या फियाट ११०० बांधल्या, ज्या पुढं प्रीमिअर पद्मिनी झाल्या आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून साऱ्या देशाला माहीत झाल्या, त्यांच्या इंजिनाचंही माप हेच. ६८ बाय ७५. इटलीत ११०० डीचं इंजिन पुढं १२२१ सीसीचं झालं, आपल्याकडं जुनंच चालू राहिलं. म्हणजे फेरारीनं ज्या इंजिनाची हेडं उचलली, त्याच घराण्याचं इंजिन माझ्या बॉनेटखाली आहे. हे कळल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या किमतीत मी शंभर रुपयेही कमी करा म्हटलं नाही.

गाडी घेतली तेव्हा निळा धूर सोडत होती आणि ऑइल पीत होती. पहिल्यांदा गावातल्याच एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, इंजिनाला हातही लावला नाही, आणि म्हणाला, "मॅडम, हे काढून टाका, व्हॅनचं इंजिन बसवून देतो, अॅव्हरेज पण वाढंल." मी गाडी तशीच वळवून आणली. त्या संध्याकाळी मला खरोखर रडू आलं होतं.

मामांकडं मला आमच्या फौंड्रीतल्या पॅटर्नमेकरनं नेलं. मामांनी पहिल्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. डिकीतून स्टार्टिंग हँडल काढलं, बंपरच्या भोकातून आत घातलं आणि इग्निशन बंद ठेवून इंजिन सावकाश फिरवायला लागले. डोळे मिटलेले. अर्धा फेरा झाला की हाताला दाब लागतो, तो पार केला की पुढच्या सिलिंडरचा दाब. "एक. तीन. चार. दोन." फायरिंग ऑर्डरनं मोजत होते. चारला हात सटकन खाली गेला. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथंच. मग डोळे उघडून म्हणाले, "चौथ्यात दम न्हाय. बाकीची तीन बी थकल्यात, पन चौथं झोपलंय." नंतर कॉम्प्रेशन गेज लावलं तेव्हा आकड्यांनीही तेच सांगितलं. मी ती चिठ्ठी जपून ठेवली आहे.

हेड निघालं तो दिवस शनिवारचा, मला हाफ डे. वर्तमानपत्र पसरून त्यावर हेड पालथं ठेवलं होतं. काजळी धरलेल्या चार खोल्या, प्रत्येकीत दोन वॉल्व्ह. मी पर्समधून ८१५ च्या इंजिनाच्या फोटोची झेरॉक्स काढली आणि मामांना सगळी गोष्ट सांगितली. खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसून त्यांनी कागद घेतला, दारातल्या उजेडात नेला आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, म्हणतील झकास. ते म्हणाले, "दोन हेडं लांबीला जोडली म्हंजे क्रँक लांब झाली. लांब क्रँक पिळती. मेन बेअरिंग किती टाकली त्यानं?"

"पाच," मी म्हटलं.

"हां. आपल्यात तीनच असत्यात. मग बराबर केलं." आणि कागद परत देताना, "कॅमशाफ्ट पन नवी केली असनार. दोन तोडून जोडायचं काम न्हवं ते."

नवीच केली होती. क्रँक आणि कॅमशाफ्ट दोन्ही त्यांनी मोडेनातल्या स्वतःच्या कारखान्यात केल्या होत्या. हे मला तीन पुस्तकं वाचून कळलं होतं, मामांना एका झेरॉक्सवरून दिसलं. या गॅरेजबद्दल माझं जे मत आहे ते त्या क्षणी झालं, आणि पुढं कामाला उशीर झाला, थोडी कुरबुर झाली, तरी ते बदललं नाही.

रेसचं काय झालं तेही त्यांनी विचारलं. ती दर वर्षीची मिल्ले मिल्या नव्हती. मूळ मिल्ले मिल्या म्हणजे ब्रेशाहून रोमला जाऊन परत ब्रेशाला, हजार मैल, उघड्या रस्त्यावरून. कोल्हापूरहून मुंबईला दोनदा जाऊन यायचं, एवढं अंतर, तेही एका दमात. ब्रेशाच्या लोकांनी ती १९२७ साली सुरू केली. १९४० ची रेस मात्र ब्रेशा, क्रेमोना, मांतुआ अशा त्रिकोणी रस्त्यावर झाली, १६५ किलोमीटरचे नऊ फेरे. २८ एप्रिलला. ८१५ पैकी एक गाडी होती एकवीस वर्षांच्या अल्बेर्तो आस्कारीकडं, दुसरी मोडेनातल्या लोतारियो रंगोनीकडं. आस्कारी पहिल्या फेरीत आपल्या वर्गात पुढं होता, आणि वॉल्व्हच्या बिघाडानं थांबला. रंगोनीनं त्याच वर्गात अर्ध्या तासाहून जास्त आघाडी घेतली, मग त्याचंही इंजिन गेलं. दोन्ही गाड्या रेस पुरी करू शकल्या नाहीत.

"वॉल्व्ह," मामा एवढंच म्हणाले आणि पोराला हाक मारली, "ए, लॅपिंगची काठी आन."

पुढचे दोन शनिवार मी ते वॉल्व्ह घासताना बघितले. लाकडी काठीच्या टोकाला रबरी वाटी, ती वॉल्व्हच्या पाठीला चिकटवायची, शिटावर ग्राइंडिंग पेस्टचं बोट फिरवायचं आणि दोन्ही तळव्यांत काठी धरून रवीनं ताक घुसळावं तशी फिरवायची. थोड्या वेळानं वॉल्व्ह उचलून चतकोर फिरवायचा, पुन्हा घासायचं. आवाजावरून कळतं. आधी खरखर, मग सरसर, मग जवळजवळ काहीच नाही. पुसल्यावर वॉल्व्हच्या कडेला राखाडी रंगाची एकसारखी बारीक रिंग दिसली पाहिजे, कुठंही तुटलेली नको. दोन एक्झॉस्ट वॉल्व्ह जळाले होते, ते नवीन टाकले. सगळे बसवून झाल्यावर मामांनी पोर्टमध्ये रॉकेल ओतलं आणि हेड रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी सात वॉल्व्ह कोरडे होते, आठव्यापाशी थेंब पाझरला होता. तेवढा एक वॉल्व्ह परत काढला. दुसरीकडं हे कुणी करेल असं मला वाटत नाही. त्या थेंबानं गाडी चालली नसती असं नव्हे. पण आस्कारीची गाडी पहिल्याच फेरीत कशानं थांबली हे सांगितल्यानंतर, तो थेंब मामांनी सोडला असता तर मला वाईट वाटलं असतं.

आता कुरबुरीचं. बोअरिंग मामा स्वतः करत नाहीत, बाहेर पाठवतात. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन कुर्ल्याहून मागवले होते. ज्या वर्कशॉपला ब्लॉक दिला त्यांनी तो गडबडीत उरकला, आणि दुसऱ्या सिलिंडरला खाली टेपर राहिला, म्हणजे भोक वरपासून खालपर्यंत एका मापाचं आलं नाही. मामांनी डायल गेज घालून बघितलं आणि ब्लॉक तसाच परत धाडला. वर्कशॉपवाला मान्य करेना, तीन आठवडे त्यात गेले. दसऱ्याला गाडी द्यायचं कबूल होतं. दसरा चौकात राजघराण्याची मेबॅक निघते त्या संध्याकाळी आपली फियाट बाहेर काढायची असं मी ठरवलं होतं, घरच्यांना सांगूनही ठेवलं होतं. ते राहिलं. गाडी मिळाली ती कार्तिक संपता संपता. मामांनी उशीर होणार असं आधी कळवायला हवं होतं. ते फोन उचलत नाहीत, निरोप पोरामार्फत, आणि पोरगं निरोप विसरतं. ज्यांना तारखेची घाई आहे त्यांनी हे धरून चालावं. बिल हातानं लिहिलेलं मिळतं, पण प्रत्येक ओळ वेगळी. पिस्टन-रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट, टायमिंग चेन, क्लचप्लेट, क्रँक ग्राइंडिंग. मी हिशेबाचीच बाई असल्यानं जुळवून बघितलं. एक रुपयाचा फरक निघाला नाही, आणि काढलेले जुने भाग सगळे पोत्यात भरून परत दिले.

वायरिंग त्यांनी केली नाही, रंग करत नाहीत. त्यासाठी दुसरीकडं जावं लागतं.

चालू करायच्या दिवशी मी सकाळी सातला हजर होते. सोलेक्स कार्बोरेटर साफ करून बसवलेला, पॉइंट नवीन. मामांनी नारळ फोडला, मला सीटवर बसवलं आणि म्हणाले, "गाडी तुमची, स्टार्टर तुमीच मारा." दुसऱ्या झटक्याला लागली. मग त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं, मुठीला कान लावला, आणि इंचाइंचानं सरकवत मागून पुढं आले. मलाही ऐकवलं. आठ टॅपेटांची टिकटिक कानात अशी येते, जणू कुणी डब्यात हरभरे मोजतंय. "आता ५०० किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची न्हाय," ही ताकीद.

हजार किलोमीटर झाल्यावर गाडी पन्हाळ्याला नेली. आधी वाघबीळच्या चढाला ती दुसऱ्या गिअरवर आणि धुराच्या ढगात जायची. आता तिसऱ्यावर चढली, स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याला हात न लावता. उन्हाळ्यात घाटात पेट्रोल पंप तापून गाडी बंद पडायची, त्यावर पंपाला ओलं फडकं गुंडाळायचा जुना उपाय मामांनी सांगून ठेवला होता. फडकं नेलं होतं, लागलं नाही. वर तबक उद्यानापाशी गाडी लावली, बॉनेट उघडून बाजूला बसले, आणि मला जुना इटालियन रेस ड्रायव्हर नुवोलारी आठवला.

त्याचं कारण हेच १०८९ सीसी. युद्धानंतर तोरिनोत पिएरो दुसिओनं चिसितालिया काढली, तिची गाडी बांधली ती ११०० च्याच इंजिनावर. १९४७ च्या मिल्ले मिल्यात तात्सिओ नुवोलारी त्या छोट्या उघड्या चिसितालिया २०२ मध्ये बसला. तेव्हा त्याचं वय ५४, तब्येत ढासळलेली, दोन्ही मुलं गेलेली. समोर जवळपास तिप्पट मोठ्या इंजिनाची अल्फा रोमिओ. मुसळधार पाऊस, डोक्यावर छत नाही, आणि हा माणूस बराच काळ सगळ्यांच्या पुढं. शेवटाकडं इग्निशनमध्ये पाणी गेलं, थांबावं लागलं, आणि बियोंदेत्तीची अल्फा पुढं गेली. नुवोलारी दुसरा आला. माझ्या दृष्टीनं मोटार रेसिंगच्या इतिहासात इतका मोठा दुसरा नंबर कुणाचाच नाही. त्याच चिसितालियाची पिनिनफारिनानं घडवलेली बंद कूपे १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मांडली गेली. पुढं १९५८ मध्ये तरुण ड्रायव्हरांसाठी फॉर्म्युला ज्युनिअर सुरू झाली, तेव्हा मोडेनाच्याच स्तांग्वेल्लिनीनं पुन्हा हेच इंजिन घेतलं, आणि पहिली दोन वर्षं त्या गाड्यांनी गाजवली. आस्कारी तर १९५२ आणि १९५३ ला फेरारीतून जगज्जेता झाला. पण मोटार रेसमधली त्याची सुरुवात झाली ती फियाटच्या दोन हेडांवर.

लोक मला विचारतात, एवढ्या पैशात सेकंडहँड चांगली गाडी आली असती. आली असती. पण तिच्या बॉनेटखाली बघत मी पन्हाळ्यावर अर्धा तास बसले नसते.

परवा ऑइल बदलायला गेले होते. निघालेलं ऑइल मामांनी पांढऱ्या फरशीवर ओतून बोटानं पसरवलं, उन्हात चमक दिसते का बघितलं. काही नाही. नवीन बेअरिंगचा कीस नाही. हेडचे बोल्ट परत टॉर्क केले, दोन टॅपेट फिलरनं सेट केले, पैसे घेतले नाहीत, फक्त ऑइलचे. गिअरबॉक्स तिसऱ्यावर थोडा घोंगावतो, तो उन्हाळ्याआधी उघडायचा ठरलाय. त्याची बेअरिंग मी आत्ताच कुर्ल्याहून मागवून ठेवलीत, कारण माझ्यापुढं एक पद्मिनी आणि दोन डिलाइट आहेत.